गयाना : बाबांसोबत १२ दिवस, रुपुनुनी पुरे की सुरिनामही जोडू?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. ऑक्टोबरमध्ये मी आणि बाबा दोघंच दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला जायचं ठरवतोय, विमानप्रवासाचे दिवस सोडून हातात १२ दिवस आहेत, ओढूनताणून १३.

गयानाच का हे घरातल्या प्रत्येकाने विचारून झालंय म्हणून आधी तेच सांगते. बाबा ७१ वर्षांचे आहेत. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्याची पेपरातली कात्रणं त्यांनी एका वहीत चिकटवलेली आहेत, खळ लावून, आणि ती वही आमच्या तीन घरबदलांतून टिकलीये. गावसकरचं पहिलं कसोटी शतक, ११६, जॉर्जटाऊनच्या बोर्डा मैदानावर झालं, ते पान इतक्या वेळा उघडलंय की घडीवर फाटलंय. त्यांना एकदा त्या मैदानात उभं राहायचंय, बाकी काही मागणं नाही. आणि मला हवंय जंगल. कायटूर धबधबा, जायंट ऑटर, होआत्झिन पक्षी, जमलं तर मुंगीखाऊ.

मी केलेला प्लॅन असा आहे, जॉर्जटाऊन २ दिवस, कायटूर १ दिवस, रुपुनुनी (देशाच्या आतला माळरानाचा भाग) ३ दिवस, मग नदी ओलांडून शेजारचा देश सुरिनाम ४ दिवस आणि तिथून फ्रेंच गयानाला २ दिवस (एवढं लांब गेलोच आहोत तर कुरूचं रॉकेट सेंटर पण बघू असा विचार). रुपुनुनीला जाताना मिनीबसने रस्त्याने जावं का, विमानापेक्षा बरंच स्वस्त पडतंय. बाबा रोज सकाळी ५ किमी चालतात, गुडघे ठीक आहेत, बीपीची एक गोळी आहे. आणि ते पूर्ण शाकाहारी आहेत, त्याचं कसं होईल? यलो फीव्हरच्या लशीबद्दल पण कोणी अनुभव सांगितला तर बरं होईल.

रानभूल

पाऊसवेडी, वाचून फार आनंद झाला, या देशाबद्दल मराठीत कोणी विचारतच नाही. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा एकटी आणि एकदा नवऱ्याबरोबर, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी स्पष्ट सांगते, तुझ्या प्लॅनमधून फ्रेंच गयाना आत्ताच्या आत्ता काढून टाक. तो फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा असतो, आणि दोन दिवसांसाठी एवढा खटाटोप करून हाती काही लागत नाही. सुरिनामसुद्धा काढ असं माझं मत आहे, पण त्यावर बाकीचे बोलतील. गयाना नकाशावर छोटा दिसतो पण २ लाख १५ हजार चौ. किमीचा देश आहे आणि वस्ती जेमतेम ८ लाख, त्यातली बहुतेक किनाऱ्यावरच्या एका अरुंद पट्टीत. आत सगळं जंगल, नद्या आणि माळ. तिथे तीन दिवसांत काही होत नाही, एक दिवस पोचण्यात जातो, एक परतण्यात. मधल्या एका दिवशी पाऊस पडला की संपलं.

ऑक्टोबर मात्र अगदी बरोबर निवडलायस. किनाऱ्यावर पावसाळा दोनदा येतो, मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत मोठा आणि डिसेंबर-जानेवारीत छोटा. रुपुनुनीत एकदाच, मे ते ऑगस्ट, तेव्हा तिकडचा माळ पाण्याखाली जातो. ऑक्टोबरात पाणी उतरलेलं असतं, प्राणी नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठाला येतात, रस्तेही कोरडे असतात. धबधब्याला पाणी थोडं कमी असतं पण ढग कमी म्हणून विमान उतरण्याची शक्यता जास्त, आणि तेच महत्त्वाचं.

कायटूरबद्दल एक अनुभव सांगते. पहिल्या वेळी मी एका टूरवाल्याकडे आगाऊ पैसे भरून ठेवले होते आणि परतीच्या आदल्याच दिवशीची ट्रिप घेतली होती. संध्याकाळी सहाला फोन आला की माणसं भरली नाहीत, उद्याचं विमान रद्द. छोटं विमान असतं, किमान संख्या जमली नाही तर उडत नाही, ढग असले तरी उडत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पैसे दीड महिन्याने परत आले पण धबधबा राहिला तो राहिलाच, त्यासाठी दुसऱ्यांदा गेले. म्हणून कायटूर ट्रिपच्या सुरुवातीला ठेव आणि पुढे दोन दिवस असे ठेव की ती सरकवता येईल. शनिवार-रविवारी माणसं लवकर भरतात. पैसे माझ्या वेळी माणशी दोनशे अमेरिकन डॉलरच्या वर होते.

विमान ओगलहून सुटतं (शहराला लागून असलेला छोटा एअरपोर्ट, तुम्ही बाहेरून येऊन उतराल तो टिमेरीचा, शहरापासून ४० किमीवर). बॅगेसकट तुमचंही वजन करतात, सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, बाबांना आधीच सांगून ठेव. तासभर खाली नुसतं ब्रोकोलीसारखं जंगल, मग एकदम पठाराची कड आणि पोटारो नदी त्या कडेवरून सरळ खाली, २२६ मीटर, एका झेपेत. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कुजलेल्या पानांमुळे, आणि पडताना मधोमध पिवळसर दिसतं. उतरल्यावर दोनेक तास मिळतात. गाईड वाटेत मोठ्या ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातलं झाड) पानांच्या बेचक्यात डोकावायला लावतो, तिथे साठलेल्या वाटीभर पाण्यात नखाएवढा सोनेरी बेडूक बसलेला असतो, त्याचा सगळा जन्म त्याच झाडावर जातो. मी पहिले तीन मिनिटं बघत होते आणि मला दिसतच नव्हता, मग हलला.

एक गोष्ट, कड्यावर कठडा नाही. कुठेच नाही. खडक ओला असतो. बाबांचा हात धरून उभी राहा आणि फोटोसाठी पुढे सरकू देऊ नकोस.

बोर्डाचं सांगते. मैदान गावाच्या मध्यभागी आहे, बोर्डा मार्केटच्या जवळ. मोठे सामने २००७ पासून प्रॉव्हिडन्स स्टेडियमला गेले (ते तुम्हाला एअरपोर्टहून येतानाच रस्त्यात लागेल), बोर्डा आता तिथल्या क्रिकेट क्लबकडे आहे. मी गेटवरच्या माणसाला फक्त एवढंच म्हटलं की गावसकरचं पहिलं शतक इथलं ना, तर त्याने गेट उघडलं आणि स्वतः बरोबर फिरला. मैदानाभोवती पाण्याचा चर आहे, कारण अख्खं जॉर्जटाऊन भरतीच्या पातळीच्या खाली आहे, डचांनी कालवे खणून आणि बांध घालून वसवलेलं. ओहोटीला कालव्यांची दारं उघडून पाणी समुद्रात सोडतात, भरतीला बंद करतात, त्या दारांना तिथे कोकर म्हणतात. सकाळी गेलात तर कोकर उघडताना बघायला मिळेल.

रुपुनुनीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता निघायला हवं.

स्ट्रेटड्राइव्ह

रानभूल ताईंनी बोर्डाचं छान लिहिलंय, त्यात थोडी भर. तुमच्या वडिलांना सांगा की त्याच सामन्यात दुसऱ्या डावात नाबाद ६४ पण आहेत. आणि बोर्डाबरोबर बर्बीस अजिबात चुकवू नका. जॉर्जटाऊनहून किनाऱ्याने पूर्वेला गेलं की बर्बीस नदी लागते, तिच्यावर २००८ साली झालेला तरंगता पूल आहे, दीड किमीपेक्षा लांब, तो ओलांडून न्यू ॲमस्टरडॅम आणि पुढे पोर्ट मुरंट गाव. वेस्ट इंडिजचे फलंदाज रोहन कन्हाय तिथले. गावसकरने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते यांच्यावरून. वेस्ट इंडिजकडून खेळलेले बेसिल बुचर आणि जो सॉलोमनही त्याच गावचे, आणि राष्ट्राध्यक्ष झालेले छेदी जगनही. ऊसमळ्याच्या एका गावातून एवढी माणसं निघाली.

दिवसभराची ट्रिप होते. वाटेत प्रत्येक दोन-चार घरांपुढे बांबूवर रंगीत झेंडे दिसतील, त्याला झंडी म्हणतात, पूजा झाली की नवीन लावतात. घरं खांबांवर उचललेली, खाली मोकळी जागा असते तिला बॉटम हाऊस म्हणतात, तिथे झोपाळा (हॅमॉक) टांगून म्हातारी माणसं बसलेली असतात आणि हटकून बोलायला बोलावतात. ५ मे १८३८ ला व्हिटबी आणि हेस्परस ही गिरमिटियांची (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची) पहिली दोन जहाजं तिथे लागली, नंतर १९१७ पर्यंत जवळजवळ २ लाख ४० हजार माणसं गेली. त्यांची ही नातवंडं-पणतवंडं. हिंदी बहुतेकांना येत नाही, भजनापुरती उरलीये, बोलतात ती क्रिओल, म्हणजे इंग्रजीवरून झालेली मिश्र बोली. पण आजीला आजी आणि आजोबांना आजाच म्हणतात. माझ्या बाबतीत तर एका आजीने मला जेवल्याशिवाय उठूच दिलं नाही, डाळपुरी आणि वांग्याचा चोखा. शाकाहाराची काळजी किनाऱ्यावर तरी सोडाच.

औषधपाणी

यलो फीव्हरबद्दल लिहितो, कारण इथे चूक झाली तर ट्रिप अडकते. गयाना यलो फीव्हरच्या जोखमीच्या देशांत येतो. परत येताना भारतात लशीचं कार्ड बघतात आणि वैध कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड वैध होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

पण पाऊसवेडी, तुझं प्रकरण नीट विचार करण्यासारखं आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि ६० च्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर त्रासाचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं. प्रमाण एकूणात कमीच आहे, तरी बाबांच्या डॉक्टरांशी आधी बोल, सगळी औषधं सांग, थायमस ग्रंथीचा काही आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर द्यायचीच नाही. हे तिकीट काढण्याआधी कर. डॉक्टर नको म्हणाले तर जंगलाचा हट्ट नको, त्यात डास आहेतच.

मलेरियाच्या गोळ्या आतल्या भागासाठी लागतात, त्या पण डॉक्टरच ठरवतील. आणि अंगभर सुती कपडे, पूर्ण बाह्या. माळावर काबुरा नावाची बारीक माशी असते, चावते तेव्हा कळत नाही, मग रक्ताचा ठिपका आणि आठवडाभर खाज.

रानभूल

औषधपाणी, हे बरं केलंत, मी लशीचं विसरलेच होते.

आता रुपुनुनी. मिनीबसचा रस्ता जॉर्जटाऊन ते लिंडेन डांबरी आणि पुढे रुपुनुनीतल्या लेथम गावापर्यंत बराचसा लाल मातीचा. गाड्या संध्याकाळी सुटतात, रात्रभर खड्ड्यांतून उडत पहाटे कुरुपुकारीला एसेक्विबो नदीपाशी थांबतात, कारण पलीकडे नेणारा तराफा उजाडल्याशिवाय सुरू होत नाही. मी एकदा केलाय, १६ तास लागले, गुडघे समोरच्या सीटमध्ये आणि मांडीवर कोणाची तरी कोंबड्यांची पेटी. तेव्हा मी ३४ वर्षांची होते. बाबांना घेऊन करू नकोस. जाताना विमानाने जा, ओगलहून लेथम किंवा अनाई, तासा-सव्वातासाचं. सामान साधारण वीस-पंचवीस पौंडच नेता येतं, बाकीचं जॉर्जटाऊनच्या हॉटेलात ठेवायचं.

आणि तिथे लॉजच्या मागे लागण्यापेक्षा गावांकडे राहा. सुरामा आणि रेवा ही मकुशी आदिवासींची गावं आहेत, त्यांनी स्वतः चालवलेली राहायची सोय आहे, गाईड गावातलेच, पैसे गावात राहतात. सुरामाहून पहाटे डोंगरावर चढून जंगल बघता येतं आणि बुरो-बुरो नदीत वल्ह्याची होडी. रेवाला जायंट ऑटर आणि अरापाइमा मासा, तो तर माणसापेक्षा लांब होतो. ऑटर म्हणजे आपलं पाणमांजरच पण पावणेदोन मीटरपर्यंत वाढणारं, पाण्यातून मान उंच काढून बघतात तेव्हा गळ्यावरचा पांढुरका डाग दिसतो, प्रत्येकाचा वेगळा, गाईड त्यावरून ओळखतात. एक कुटुंब आमच्या होडीभोवती फिरून इतकं ओरडलं की होडीवाल्याने वल्हं उचलून घेतलं, म्हणाला त्यांचं घर आहे, आपण मागे जाऊ. इवोक्रामाचं जंगल पण तिथूनच जवळ, ३० मीटर उंचीवर झाडांच्या शेंड्यांमधून टांगते पूल आहेत.

सुरामात मी दोन दिवस नुसती एका काकू कसावा (साबुदाणा करतात तो कंद) करत होत्या, त्यांच्या मागे बसले होते. कडू कसाव्यात सायनाइडचं विष असतं. त्या तो किसून मटापी नावाच्या लांब विणलेल्या नळीत भरतात, वरचं टोक आढ्याला अडकवायचं, खालच्या टोकात दांडा घालून त्यावर स्वतः बसायचं, की नळी ताणून बारीक होते आणि पिवळट रस खालच्या भांड्यात गळतो. तो रस तासन् तास उकळून काळा झाला की कॅसरीप, त्यातच पेपरपॉट नावाचा तिथला रस्सा शिजतो. उरलेल्या चोथ्याची भाकरी थापतात किंवा भाजून फरीन करतात, जाड रव्यासारखं कडक. बाबांसाठी हे फरीन, कसाव्याची भाकरी, भोपळा, शेंगा, भात असं सगळं मिळतं पण आधी कळवायला हवं, कारण आतलं मुख्य खाणं मासेच आहे आणि सामान ठरवून आणावं लागतं. थोडी चटणी आणि मेतकूट बरोबर ने.

गयानीज डॉलर साधारण २०९ ला एक अमेरिकन डॉलर. आत रोखच चालते, जॉर्जटाऊनमध्येच काढून ने. तेल सापडल्यापासून (उत्पादन २०१९ च्या शेवटी सुरू झालं) राजधानीतली हॉटेलं महागलीत, ती लवकर बुक कर.

परतवारी

मी रानभूलशी एका बाबतीत असहमत. सुरिनाम काढायला सांगू नका हो. पॅरामारिबोत मला जे वाटलं ते जॉर्जटाऊनमध्ये नाही वाटलं. तिथे सारनामी अजून घरात बोलतात. दुकानातल्या बाईने मला विचारलं "कहाँ से आइल बाटे", मी दचकून बघतच राहिलो. १८७३ साली भारतीय मजुरांना घेऊन लालारुख जहाज आलं तेव्हापासूनची ती भाषा आहे, भोजपुरी-अवधीची, मध्ये डच शब्द. जुनं शहर सगळं लाकडी, युनेस्कोच्या यादीत आहे, आणि एकाच रस्त्यावर मशीद आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शेजारी-शेजारी.

पण तुमच्या १२ दिवसांत बसत नाही हेही खरं. जॉर्जटाऊनहून मोलसन क्रीकच्या धक्क्याला तीन-चार तास, मग सरहद्दीवरच्या कोरेंटाइन नदीची फेरी, अर्धा तासच लागतो पण इमिग्रेशनच्या रांगेत अख्खी सकाळ जाते, आणि पलीकडून पॅरामारिबोला परत तीन-चार तास. सुरिनामचं घड्याळ एक तास पुढे आहे, त्यामुळे संध्याकाळच होते. येऊन-जाऊन दोन दिवस रस्त्यात. सुरिनामसाठी वेगळं या, ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे.

पाऊसवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुरिनाम आणि फ्रेंच गयाना दोन्ही काढलं. बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये सोमवारची, त्यांनी हो म्हटलं तरच तिकिटं.

नवा प्लॅन, जॉर्जटाऊनला पोचून एक दिवस आराम आणि बोर्डा, मग कायटूर, त्यामागे दोन दिवस राखीव (जमलं तर त्यातच बर्बीस), मग विमानाने रुपुनुनी सहा दिवस, सुरामा आणि रेवा तीन-तीन, शेवटी दोन दिवस परत जॉर्जटाऊन. स्ट्रेटड्राइव्ह, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, नाबाद ६४ वर ते म्हणाले "मला सांगतोय होय तो", आणि वही काढून ते पान दाखवलं. ती वही बरोबर न्यायची म्हणतायत. होआत्झिन कुठे दिसेल? आणि विमान कोणत्या मार्गाने घ्यावं?

रानभूल

प्लॅन आता बरोबर आहे. मार्गाचं म्हणशील तर न्यूयॉर्क, मायामी, टोरोंटो किंवा पनामा. अमेरिका-कॅनडावरून नुसतं विमान बदलायलाही आपल्याला व्हिसा लागतो, तो आधीच असेल तर बाबांसाठी न्यूयॉर्क सोपं. गयानाच्या व्हिसाचे नियम तिथल्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवरच बघ, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस.

होआत्झिनसाठी महायका नदी, बर्बीसच्या वाटेवरच आहे, सकाळी सातच्या आत होडीत बसायचं. काठच्या झुडपात बसलेले असतात, डोक्यावर विस्कटलेला तुरा, निळा चेहरा, आणि दम्यासारखा आवाज. तो गयानाचा राष्ट्रीय पक्षी. त्या दिवशी स्ट्रेटड्राइव्हचं पोर्ट मुरंटही होऊन जाईल.

आणि शेवटच्या दोन दिवसांत एका संध्याकाळी नॅशनल पार्कच्या तळ्यावर जा. काठावरचं गवत मूठभर उपटून पाण्यावर धरायचं आणि गप्प उभं राहायचं. थोड्या वेळाने मॅनॅटीची (पाण्यात राहणारा मोठा गवतखाऊ सस्तन प्राणी) दोन नाकपुड्यांची चकती वर येते, फुस्स करून श्वास सोडते आणि जाड मिशाळ ओठांनी हातातून गवत ओढून घेते. बाबांना गवत धरू दे. वही कोरड्या पिशवीत ठेव मात्र, जॉर्जटाऊनची हवा फार दमट आहे.

स्ट्रेटड्राइव्ह

आणि ते फाटलेलं पान आत्ताच स्कॅन करून घ्या. बोर्डाच्या क्लबवाल्यांना एक प्रत द्या, भिंतीवर लावतील.